प्रयागबाईची कोरी बशी

"पंखा बंद करा आधी, मंग बोला."

प्रयागबाई माझ्याशी बोलल्या ते हे पहिलं वाक्य. मी कॉलेजात मराठी शिकवायला नुकताच रुजू झालो होतो. तहान लागली होती म्हणून सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत डोकावलो आणि सवयीनं भिंतीवरचं बटण दाबलं. कोपऱ्यात बर्नरच्या ज्योतीजवळ बसलेल्या बाईंनी मान वर न करता मला हे ऐकवलं. मी पंखा बंद केला आणि तिथंच उभा राहिलो. त्यांनी हातातली तार ज्योतीत लाल केली, क्षणभर थांबल्या, एका काचेच्या बशीचं झाकण बोटभर उचललं, आत चार-पाच रेघा ओढल्या, झाकण लावलं आणि तार पुन्हा ज्योतीत धरली. मग माझ्याकडे पाहिलं.

"वाऱ्यासंगं धूळ येते अन् धुळीसंगं जंतू. माह्या बशीत मले पाहिजे तेच उगवलं पाहिजे. हं, सांगा, काय पाहिजे?"

"पाणी," मी म्हणालो.

"इथलं काही प्याचं नाही. कधीच नाही. बाहीर माठ हाये."

मला वाटलं, या इथल्या प्राध्यापक असाव्यात. माठाजवळ भेटलेल्या शिपायानं सांगितलं, त्या प्रयोगशाळेच्या परिचर आहेत, नववीपर्यंत शिकलेल्या, आणि अजून कायमही नाहीत. दर वर्षी नवा आदेश निघतो तेव्हा त्यांची नोकरी पुढे सरकते.

प्रयागबाईंचं माहेर धामणगाव बढे. लग्न होऊन त्या लोणारला आल्या. सासरचा मळा होता, मेथी, वांगी, सांभार म्हणजे कोथिंबीर असं काही ना काही बारा महिने असायचं. त्यांचे मालक, रामदासभाऊ, आठवडी बाजार करायचे. कॉलेजात विज्ञान शाखा सुरू झाली तेव्हा काचेची भांडी धुवायला बाई हवी होती, म्हणून त्या आल्या. विभागप्रमुख भालेराव सरांनी एकदा सहज त्यांना तार कशी तापवायची आणि रेघा कशा ओढायच्या ते दाखवलं. चार दिवसांनी सरांनी त्यांची बशी पाहिली आणि त्यानंतर नवीन पोरांना ते आधी प्रयागबाईंकडे पाठवायला लागले. "हात त्यांच्याकडून शिका, पुस्तक माझ्याकडून," असं ते वर्गात उघड म्हणायचे.

कामाला बसण्यापूर्वी त्या दोन्ही हातांतल्या बांगड्या काढून खिडकीत ठेवायच्या. पदर कमरेला घट्ट खोचायचा, हात कोपरापर्यंत धुवायचे, आणि मग ज्योत पेटेपासून विझेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. कुणी बोललंच तर नुसती भुवई उचलायची. थुंकी उडते म्हणून त्या गप्प बसत, हे मला फार उशिरा कळलं. तोवर मी त्यांना तुसड्या समजत होतो. काम संपलं की मात्र बांगड्या चढवता चढवता त्या इतकं बोलायच्या की मागचा सगळा हिशेब चुकता व्हायचा.

आमच्या प्रयोगशाळेचं सगळं काम तळ्याभोवती फिरायचं. लोणारचं पाणी खारट आहे हे सगळ्यांना माहीत असतं, पण ते नुसतं खारट नाही, त्यात सोडाही आहे. बोटावर घेतलं तर साबणासारखं निसरडं लागतं. अशा पाण्यात मासा जगत नाही, बेडूक जगत नाही. पण डोळ्यांना न दिसणारे जिवाणू त्यात मजेत राहतात. त्यांना तेच पाणी लागतं. त्यातल्या एका मिठाळ कुळाचं नाव हॅलोमोनास. प्रयागबाई त्याला 'हॅलो माणूस' म्हणायच्या. पोरं हसायची. त्या म्हणायच्या, "हसा. पण त्याच्यावाणी राहून दाखवा. तुमी भाजीत चिमूटभर मीठ जास्त झालं तर ताट सरकवता."

पुण्याहून एकदा परीक्षक आले होते. प्रयागबाईंचं "मी करतो, मी ठेवतो" ऐकून त्यांना गंमत वाटली. बाईमाणूस असून 'करतो' कसं, म्हणून त्यांनी पोरांसमोर नक्कल केली. आमच्याकडे बायका असंच बोलतात. थोड्या वेळानं परीक्षक स्वतः एका मुलाला दाखवायला बसले आणि त्यांनी लाल झालेली तार थंड न होऊ देताच बशीत टेकवली. चर्र असा आवाज आला.

"सर," प्रयागबाई हळूच म्हणाल्या, "मेले ते. आता काय उगवन?"

परीक्षक ओशाळले. जाताना त्यांनी प्रयागबाईंना नमस्कार केला. प्रयागबाईंनी दुसऱ्या दिवशी पोरांना तंबी दिली, की ही गोष्ट गावात सांगत फिरायची नाही. "चुकते माणसाचं. त्याईनं दहा वर्षांत तार धरली नसन."

आता कोऱ्या बशीचं सांगतो.

प्रत्येक वेळी दहा बशा तयार केल्या की प्रयागबाई त्यातली एक कोरी ठेवायच्या. त्यातही खाद्य तेच, मीठ तेच, सोडा तोच. फक्त तळ्याचं पाणी त्यात घालायचं नाही. बाकीच्या नऊंसोबत तीही उबेच्या कपाटात जायची. तिच्यात काही उगवलं नाही तर काम चोख. शास्त्रात हे करायचंच असतं, पण आमच्याकडे साहित्याची ओढाताण, त्यामुळे पोरं ती बशी वाचवायला बघायची. प्रयागबाईंनी कधी वाचवू दिली नाही. एकदा मी विचारलं, रोज इतकं नीट काम करता, मग ही कशाला?

"भाऊ, आपला हात आपल्यासंगं खोटं बोलते," त्या म्हणाल्या. "आपल्याले कळतही नाही. म्हणून एक कोरी ठेवतो मी."

त्याच बशीनं त्यांना संकटात टाकलं.

भालेराव सर तेव्हा पीएच.डी. करत होते. सर हुशार, कष्टाळू, आणि आमच्यासारख्या आडगावच्या कॉलेजात राहून काहीतरी मोठं करून दाखवायचं या इच्छेनं पेटलेले. एका हिवाळ्यात त्यांच्या बशांत नारिंगी रंगाचे, मोहरीच्या दाण्याएवढे ठिपके उगवले. ओळखीच्या कुठल्याच कुळाशी त्यांचं जुळेना. सरांनी महिनोन्महिने तपासण्या केल्या, मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत नमुने पाठवले आणि एक दिवस स्टाफरूममध्ये पेढे आणले. जिवाणूंचं नवं कुळ असावं, असं त्यांना वाटत होतं. नवी जात नव्हे, नवं कुळ. त्याला नाव द्यायचा मान मिळणार होता. लेख लिहून तयार होता. संस्थेच्या अध्यक्षांना कळलं, गावातल्या वार्ताहराला कळलं, सत्काराची तारीख ठरली. मंडपवाल्याला सांगूनही झालं.

सत्काराला आठ दिवस असताना प्रयागबाई माझ्याकडे आल्या. दुपारची वेळ, स्टाफरूममध्ये मी एकटाच होतो. त्यांनी पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक बशी काढून टेबलावर ठेवली.

"उघडू नका. वरूनच पाहा."

आत तीन नारिंगी ठिपके होते.

"सरांचे ना?" मी म्हणालो.

"ही कोरी हाये."

मला पटकन कळलं नाही. त्यांनी समजावून सांगितलं. या बशीत तळ्याचा थेंबही पडलेला नव्हता. मग नारिंगी ठिपके आले कुठून? त्यांना संशय आला, म्हणून दोन आठवडे त्यांनी एकेक गोष्ट वेगळी काढून पाहिली. मीठ, पाणी, खाद्य. शेवटी सापडलं. सोड्याचं पाणी वेगळं उकळून मग मिसळायचं असतं. ज्या भांड्यात ते वाफेवर शिजायचं त्याचं रबर फाटलं होतं, वाफ धरत नव्हती. जंतू सोड्याच्या बाटलीतच होते आणि तिथूनच सगळ्या बशांत गेले होते. सरांचं नवं कुळ तळ्यातलं नव्हतंच. बाजारातून आणलेल्या सोड्यासोबत कुठून तरी आलेलं होतं ते.

"आधीच्या कोऱ्या बशांत दिसलं नाही?"

"ते ठिपके धा-बारा दिवसांनी उगवते. मी कोरी बशी आठ दिवसांनी धुवून टाकत होतो. माहीच चूक. या खेपेले ती कपाटात मागं राहून गेली."

त्याच महिन्यात त्यांना कायम करण्याची फाइल वर जायची होती आणि त्या फाइलवर भालेराव सरांचा अभिप्राय लागणार होता. हे त्यांना माहीत होतं, मलाही. मी आयुष्यात जे काही बोललो त्यातलं एक वाक्य मला परत घेता आलं तर मी हे घेईन. मी म्हणालो, "प्रयागबाई, तुम्ही कशाला यात पडता? मोठ्या प्रयोगशाळेत तपासतीलच की. कळायचं तेव्हा कळेल."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. रागानं नाही. ओळखीच्या माणसानं रस्ता चुकीचा सांगितल्यावर बघावं तशा.

"अन् नाही कळलं तर?" त्या म्हणाल्या. "पुस्तकात छापून येईन, लोणारच्या तळ्यात असं असं सापडते. पुढचे पोरं तेच वाचतीन. धुंडाळतीन बिचारे तळ्यात. जे नाहीच ते कसं सापडन, भाऊ?"

बशी गुंडाळून त्या उठल्या आणि थेट सरांच्या खोलीत गेल्या.

आत काय झालं ते मी पाहिलं नाही, पण सरांचा आवाज व्हरांड्यात ऐकू आला. "भांडी धुवायला ठेवलं होतं तुम्हाला!" एवढं वाक्य तर साऱ्यांनीच ऐकलं. प्रयागबाई बाहेर आल्या. नळावर गेल्या, उरलेली भांडी धुतली, पुसली, फडताळात लावली आणि वेळ झाल्यावर घरी गेल्या.

त्यानंतर पंधरा दिवस सर त्यांच्याशी बोलले नाहीत. पण सरांनी एक गोष्ट केली. त्यांनी सत्कार पुढे ढकलायला लावला, तब्येतीचं कारण सांगून. आणि प्रयोगशाळा आतून बंद करून एकटे बसायला लागले. नवं रबर, नवा सोडा, नव्या बशा. सगळं स्वतःच्या हातानं. सोळाव्या दिवशी त्यांनी दार उघडून हाक मारली, "प्रयागबाई, या."

टेबलावर बशा मांडल्या होत्या. जुन्या सोड्याच्या सगळ्या बशांत नारिंगी ठिपके, नव्या सोड्याच्या एकीतही नाही. सर खुर्चीत बसून होते. दाढी वाढलेली.

"तुमचं बरोबर होतं," ते म्हणाले.

प्रयागबाईंनी मला नंतर सांगितलं, "असं वाटलं, माहं चूक निघालं असतं तर बरं झालं असतं. त्याईचं तोंड पाहवत नव्हतं."

सरांनी लेख मागे घेतला. अध्यक्षांना स्वतः जाऊन सांगितलं. गावात चार दिवस टिंगल झाली, वार्ताहर चिडला. मग सरांनी आणि प्रयागबाईंनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. भल्या सकाळी विवराचा उतार उतरून बाटल्या भरायच्या, वर चढून यायचं, त्याच दिवशी बशा करायच्या. सरांची पीएच.डी. दोन वर्षं लांबली आणि शेवटी तिच्यात निघाले ते आपले हॅलोमोनास. जगभर सापडणारे, नाव आधीच मिळालेले. नवं काही नाही. पण जे होतं ते तळ्यातलंच होतं. प्रबंधाच्या पहिल्या पानांवर, आभारांत, मार्गदर्शकांच्या खालोखाल प्रयागबाईंचं नाव आहे. वडिलांच्याही आधी.

फाइलचं काय झालं, तेही सांगतो. रागाच्या त्या पंधरा दिवसांतच सरांनी अभिप्राय लिहून पाठवला होता. त्यात एकच वाक्य होतं : 'या बाई वरिष्ठांची चूकही खपवून घेत नाहीत.' सरांनी ते तक्रार म्हणून लिहिलं होतं. आमचे प्राचार्य जुने, सरळमार्गी. त्यांनी ते शिफारस म्हणून वाचलं आणि तसंच पुढे पाठवलं. सर पुढे हे स्वतःच हसत सांगायचे. आदेश यायला चार वर्षं लागली, पण आला.

सर नंतर मोठ्या शहरात गेले. त्यांच्या जागी तासिकेवर शिकवायला येणारी मुलं-मुली बदलत राहिली. तळ्यातून काढलेल्या जिवाणूंच्या चोवीस नळ्या शीतकपाटात होत्या, त्या राहिल्या प्रयागबाईंकडे. त्यांना महिन्याला नवं खाद्य द्यावं लागतं, नाहीतर मरतात. प्रत्येक नळीवर प्रयागबाईंच्या ठसठशीत अक्षरात चिठ्ठी होती. देवीच्या देवळाजवळचा, झऱ्याच्या तोंडाचा, गाळातला. कुठला कुणाचा हे त्यांना तोंडपाठ होतं.

मग टाळेबंदी आली. कॉलेज बंद, रस्त्यावर बांबू आडवे. प्रयागबाई महिना भरला तशी पिशवी घेऊन पायी निघाल्या. नाक्यावर पोलिसानं अडवलं.

"कुठं चालल्या, मावशी?"

"कॉलेजात."

"कॉलेज बंद आहे. काय काम?"

प्रयागबाईंना खोटं बोलता येत नव्हतं. त्या म्हणाल्या, "जंतूईले खाऊ घालाले."

त्या दिवसांत जंतू हा शब्द नुसता उच्चारला तरी माणसं चार हात लांब सरकत होती. पोलीस तर मागेच उडाला. म्हणाला, अख्खं जग जंतूंना मारायला निघालंय आणि तुम्ही त्यांना खाऊ घालता? प्रयागबाईंनी भर उन्हात त्याला समजावलं, की हे वेगळे आहेत, माणसाला काही करत नाहीत, उलट माणसाच्या गोड्या पाण्यात टाकले तर हेच फुटून मरतात. पोलिसाला किती कळलं कोण जाणे. त्यानं साहेबांना फोन लावला, साहेबांनी प्राचार्यांना, प्राचार्यांनी मला, आणि मी हसत हसत सांगितलं, की बाई खरं बोलतायत. पुढच्या महिन्यापासून तोच पोलीस बांबू उचलून म्हणायचा, "जा मावशी, उपाशी असतील."

त्याच उन्हाळ्यात तळं गुलाबी झालं. जे लोक कधी खाली उतरले नव्हते ते काठावर गोळा झाले. कुणी म्हणे अपशकुन, कुणी म्हणे देवीचा कोप. आळीतल्या बायका घाबरून प्रयागबाईंच्या दारात आल्या. प्रयागबाई सांभाराच्या जुड्या बांधत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "पाणी आटलं, मीठ वाढलं. ज्याईले लय मीठ लागते त्याईचे दिवस आले. ते रंगाचेच राह्यते. पाणी भरलं का जाईन रंग." पुढे शास्त्रज्ञांनी सांगितलं तेही जवळपास हेच होतं. एका वाहिनीची मुलगी कॅमेरा घेऊन आली, तेव्हा मात्र प्रयागबाईंनी तोंड फिरवलं. "हॅलो माणूस नाहीत हे, त्याईचे दूरचे पाव्हणे. मले त्याईचं जास्त माहीत नाही. ज्याले माहीत हाये त्याले इचारा."

निवृत्तीच्या दिवशी भाषणं झाली. त्यांना बोलायला सांगितलं तर उभ्या राहिल्या, म्हणाल्या, "चोवीस नळ्या नव्या बाईच्या हवाली केल्या. सगळ्या जित्या हायेत." आणि बसल्या.

गेल्या वर्षी त्या माझ्या घरी आल्या. मीही आता निवृत्त. तळ्याचं पाणी दोन पावसाळ्यांपासून चढत होतं, काठची देवळं पाण्यात गेली होती. आणि कुणाला तरी तळ्यात मासे दिसले होते. गावात लोक खूश होते. इतक्या वर्षांत न झालेली गोष्ट झाली, म्हणून पोरं काठावर जाऊन फोटो काढत होती.

"भाऊ, एक अर्ज लिहून द्या."

"कशाचा?"

"मासे आले म्हणजे पाणी गोडं व्हऊन राह्यलं. आपले जे तळ्यातले हायेत, ते जातीन. सगळे थोडेच नळ्याईत हायेत? चोवीसच हायेत. बाकीचे आपून कधी पाह्यलेही नाहीत. ते जायच्या आधी कोणी तरी बाटल्या भरून नेल्या पाहिजे. दर महिन्याले. मी भरून देतो, उतरता येते अजून मले. पण ठेवाले जागा सरकारनं द्यावी."

मी लिहायला बसलो. माझ्यातला मराठीचा मास्तर जागा झाला आणि मी 'जैववैविध्याचा अमूल्य ठेवा' वगैरे सुरू केलं. त्यांनी ते ऐकून घेतलं. "हे काढा. काय पाहिजे तेवढंच लिहा." शेवटी अर्ज सात ओळींचा झाला. खाली त्यांनी सही केली : प्रयागबाई रामदास सरोदे, माजी प्रयोगशाळा परिचर.

दुसऱ्या दिवशी आम्ही तो द्यायला एका सरकारी कार्यालयात गेलो. खिडकीतल्या तरुणानं अर्ज वाचला, उलटून पाहिला, आणि म्हणाला, "ठेवून जा, आजी. साहेब आले की देतो."

"पोच द्या," प्रयागबाई म्हणाल्या.

"शिक्का साहेबांच्या खोलीत आहे."

"कवा येतीन?"

"सांगता येत नाही. दौऱ्यावर आहेत. संध्याकाळही होईल."

"मंग बसतो मी."

मला मेहकरची गाडी धरायची होती, नातीला तिथल्या शाळेतून आणायचं होतं. मी म्हणालो, उद्या परत येऊ, मी सोबत येतो. त्यांनी हात हलवून मला जायला सांगितलं. "तुम्ही जा भाऊ. गाडी सुटन. माही घरी कोण वाट पाह्यते?" रामदासभाऊ जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं.

दारातून मी वळून पाहिलं. भिंतीलगतच्या बाकावर त्या ताठ बसल्या होत्या. अर्जाची दुसरी प्रत मांडीवर ठेवून दोन्ही तळहातांनी ती सपाट करत होत्या. खिडकीतला तरुण काम करता करता मधूनच त्यांच्याकडे बघत होता. मी निघणार तेवढ्यात त्यानं अर्ज पुन्हा उचलला आणि या वेळी पहिल्या ओळीपासून वाचायला लागला. मग खिडकीतून वाकून त्यानं एका ओळीवर बोट ठेवून काहीतरी विचारलं. प्रयागबाई उठल्या, खिडकीशी गेल्या, आणि त्याला सांगायला लागल्या.